पावसाळ्यात स्कूटर सकाळी चालूच होत नाही? गॅरेजला ढकलत न्यायच्या आधी हे क्रमाने बघा

आधी हे कुणासाठी ते सांगतो. एप्रिल २०२० च्या आधीच्या म्हणजे बीएस-३ आणि बीएस-४ (प्रदूषणाचे जुने नियम) च्या कार्बोरेटरवाल्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग असलेल्या गिअरलेस स्कूटर, १०० ते १२५ सीसीच्या, अॅक्टिव्हा, ज्युपिटर, अॅक्सेस, प्लेझर या सगळ्या त्यात आल्या, आतली रचना थोड्याफार फरकाने सारखीच असते. आम्ही कोकणात राहतो, इथे जूनपासून चार महिने गाडी ओलीच असते, आणि घरातल्या, काकांकडच्या, बिल्डिंगमधल्या ताई-वहिनींच्या गाड्यांचा हा एकच आजार मी वर्षानुवर्षं बघतोय. दर वेळी गॅरेजमध्ये कार्बोरेटर साफ करून मिळतो, आठ-पंधरा दिवस गाडी बरी चालते, की परत तेच. कारण मूळ दुखणं तिथं नसतंच, किंवा असलं तरी ते कुठून येतंय हे कुणी बघत नाही.

लक्षणं नीट बघा, अर्धं काम तिथंच होतं

"गाडी चालू होत नाही" एवढ्यावरून काही कळत नाही. नक्की काय होतंय?

सेल्फ दाबला की नुसतं टक-टक वाजतं किंवा इंजिन एकदा कण्हून थांबतं, पण किकवर चालू होते. हे बॅटरीचं.

सेल्फ दाबल्यावर काहीच नाही, टक सुद्धा नाही. ब्रेकचा स्विच, फ्यूज नाहीतर बॅटरीची सुटलेली वायर.

सेल्फने आणि किकने इंजिन छान फिरतंय पण पकडत नाही. प्लगला करंट (ठिणगी) नाही किंवा पेट्रोल नाही, दोन्हीतलं एक.

चालू होते पण रेस सोडली की बंद, सिग्नलला तर हमखास. कार्बोरेटरमध्ये पाणी, स्लो जेट (रेस नसताना पेट्रोल सोडणारं बारीक भोक) बुजलेलं, नाहीतर कुठून तरी जादा हवा ओढली जातेय.

डबक्यातून गेल्यावर झटके देते, फट-फट करते आणि अर्ध्या तासाने आपोआप सुधारते. प्लगची कॅप.

पंधरा-वीस मिनिटं मस्त चालते, मग दम लागल्यासारखी बंद पडते, थोडं थांबलं की परत चालू. टाकीच्या झाकणाचं भोक बुजलंय का ते सगळ्यात आधी बघा.

आणि किकच खाली जात नाही, किंवा सेल्फला इंजिन फिरतच नाही आणि आदल्या दिवशी गाडी पाण्यात होती. इथे काहीही करू नका, सरळ शेवटचा भाग वाचा.

फुकटातल्या गोष्टी

पेट्रोल आहे का ते काट्यावरून ठरवू नका, झाकण उघडून टॉर्चने बघा. जुन्या गाडीच्या टाकीतला फ्लोट (काट्याला जोडलेला तरंगता भाग) अडकतो आणि काटा पाव टाकी दाखवत राहतो. मोबाईलचा टॉर्च लांबूनच धरा, तोंडाशी नेऊ नका.

झाकण उघडताना कान द्या. सुस्स असा हवा आत ओढल्याचा आवाज आला तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय, टाकीत निर्वात होऊन पेट्रोल खाली उतरत नाहीये. झाकण न लावता किक मारून बघा, लगेच चालू झाली तर दुखणं सापडलं, झाकण साफ करा किंवा नवीन आणा. यासाठी कार्बोरेटर उघडलेल्या गाड्या मी बघितल्यात म्हणून हे इतकं वर घेतलं.

मग ब्रेक. या गाड्यांचा सेल्फ ब्रेक दाबल्याशिवाय लागत नाही. चावी चालू करून डावा ब्रेक दाबा आणि मागचा लाल दिवा लागतो का बघा, मग उजवा दाबून बघा. एका ब्रेकला दिवा लागत नसेल तर त्या लिव्हरखालचा छोटा स्विच पाण्याने गंजलाय. दुसऱ्या ब्रेकवर सेल्फ लागतो का बघा, त्यावर महिनाभर निघतो, पण स्विच बदलून घ्याच, मागच्याला दिवा दिसला पाहिजे.

चोक, म्हणजे गार इंजिनला जास्त पेट्रोल देणारा खटका. गाडी गार असेल आणि चोकचा खटका असेल तर पूर्ण ओढा, रेस अजिबात देऊ नका. बरेच जण चोकही ओढतात आणि रेसही पिळतात, त्याने चोकचा उपयोगच राहत नाही. चालू झाली की मिनिटाभरात चोक आत. उलट खूप किका मारून झाल्या असतील आणि पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी ओव्हर झालीये, तेव्हा चोक बंद करा, रेस पूर्ण उघडी धरा आणि सहा-सात किका मारा, आतलं जादा पेट्रोल बाहेर पडतं.

आणि एक, गाडी आठ-दहा दिवस उभी होती का? या गाड्यांचा पेट्रोल कॉक, म्हणजे टाकीतून पेट्रोल सोडणारी तोटी, आपोआप चालणारा असतो, इंजिन फिरताना तयार होणाऱ्या ओढीने उघडतो. कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडून गेलं असेल तर ती परत भरायला दहा-बारा किका लागणारच, तो बिघाड नाहीये. सेल्फ दाबून धरू नका, पाच सेकंद दाबा, दहा-पंधरा सेकंद थांबा, नाहीतर चांगली बॅटरी तुम्हीच संपवाल.

बॅटरी

हेडलाईटवरून बॅटरीचा अंदाज बांधू नका. बऱ्याच जुन्या गाड्यांचा हेडलाईट इंजिन चालू असतानाच पेटतो, त्याचा बॅटरीशी संबंध नसतो. हॉर्न वाजवा. हॉर्न घसा बसल्यासारखा वाजला किंवा सेल्फ दाबताना इंडिकेटर मंद झाले तर बॅटरीकडे जा.

झाकण काढून टर्मिनल बघा. पांढरी-हिरवी भुकटी असेल तर ती करंट अडवते, बॅटरी पूर्ण चार्ज असली तरी सेल्फ फिरत नाही. काळी वायर आधी सोडायची, मग लाल, लावताना उलट. हे उगीच सांगत नाही, लाल आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला लागला तर ठिणगी उडते, कधीकधी बॅटरीही जाते. गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, पुसून कोरडं करा, पॉलिश पेपर फिरवा, घट्ट बसवा, वरून व्हॅसलीनचा हात. बऱ्याच गाड्या इथंच चालू होतात.

साधा मल्टीमीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो, घरात असू द्या. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ च्या आसपास असेल तर ठणठणीत, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ च्या खाली म्हणजे संपली. खरी परीक्षा सेल्फ दाबताना, पूर्ण चार्ज बॅटरीचा आकडाही १० च्या बराच खाली गेला तर आणखी चार्ज करून काही होणार नाही, ती बदला. गाडी चालू करून थोडी रेस दिली की साडेतेरा ते साडेचौदा दिसलं पाहिजे. १३ च्या वर जातच नसेल तर गाडी बॅटरी चार्ज करत नाहीये, १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेलाय आणि बल्ब एकामागून एक उडतील. दोन्ही वेळी नवीन बॅटरी टाकणं म्हणजे पैसे वाया, आधी ऑटो इलेक्ट्रिशियन गाठा.

पावसाळ्यातच बॅटरी का बसते? बाजारात, शाळेत, डेअरीवर असं दोन-दोन किलोमीटर फिरणं, दर वेळी सेल्फ, आणि दिवसाही लाईट. २०१७ पासूनच्या गाड्यांना तर हेडलाईट बंद करायचा स्विचच नसतो. सेल्फने घेतलेलं चार्जिंग भरून यायला गाडी सलग चालावी लागते, आणि या बॅटऱ्या तीन-चार-पाच अँपिअर-अवरच्या, म्हणजे अगदी छोट्या. सकाळचा पहिला स्टार्ट किकवर घेत जा आणि आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास सलग गाडी चालवा. माझ्या अनुभवात यानेच बॅटरीचं आयुष्य सगळ्यात जास्त वाढतं. किक वर्षभर वापरलीच नाही तर ती गंजून जाम होते हेही लक्षात ठेवा.

फ्यूज गेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवीन. सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद किंवा जाड तार अजिबात नको, वायरिंग जळतं. नवीन फ्यूज टाकल्यावर तोही उडाला तर तिथंच थांबा, कुठेतरी वायर बॉडीला लागलीये. सीटखाली उंदराने वायर कुरतडल्या असतील तर लेंड्या नाहीतर कापसाचे पुंजके दिसतातच, पार्किंगमध्ये धान्याची दुकानं असतील तर हे फार होतं.

प्लग आणि त्याची कॅप

इथे आधी करंट बघायचा आणि नंतर पेट्रोलचं काम, क्रम उलटा करू नका. पेट्रोल सांडलेलं असताना ठिणगी पाडणं म्हणजे आगीला बोलावणं.

पाय ठेवायच्या जागेच्या मागे, सीटखालच्या पॅनलवर बहुतेक गाड्यांना एक छोटं झाकण असतं, ते काढलं की प्लगची कॅप हाताला लागते. चावी बंद ठेवून ती ओढून काढा आणि आत बघा. पाण्याचा थेंब, पांढरट गंज, रबर फाटलेलं, यातलं काहीही पुरेसं आहे. करंट हजारो व्होल्टचा असतो, त्याला प्लगमधून उडी मारण्यापेक्षा ओल्या रबरावरून इंजिनच्या बॉडीवर जाणं सोपं पडतं. रात्री अंधारात गाडी चालू ठेवून लांबूनच कॅपकडे बघा, निळ्या बारीक रेघा नाचताना दिसल्या तर कॅप नाहीतर वायर गेली. कोरड्या कापडाने पुसा, हेअर ड्रायरने वाळवा. कॅप वायरवर स्क्रूसारखी फिरवून बसवलेली असेल तर ती काढून वायरचं टोक अर्धा सेंटीमीटर कापून परत पिळा, आत काळवंडलेली तार निघून जाते आणि ताजं तांबं लागतं. नवीन कॅप शंभर-दीडशे रुपयांच्या आत येते, जुनी वाळवून दर वर्षी वापरण्यात अर्थ नाही.

मग प्लग. इंजिन गार असताना किटमधल्या प्लग पान्याने सोडवा, सोडवायच्या आधी आजूबाजूची माती फुंकून टाका नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. टोकाचा रंग बघा. भाजक्या विटकरीसारखा किंवा फिकट कॉफीचा रंग असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी, एअर फिल्टर बघा. पेट्रोलने ओला म्हणजे पेट्रोल पोचतंय पण पेटत नाहीये. किका मारूनही अगदी कोरडा म्हणजे पेट्रोलच येत नाहीये. तेलकट काळा असेल आणि सायलेन्सरमधून निळा धूरही येत असेल तर इंजिनच्या आतल्या पिस्टनच्या रिंगा नाहीतर व्हॉल्व्ह सील झिजलेत, ते घरचं काम नाही.

करंट बघायला प्लग कॅपमध्ये बसवा, त्याची धातूची बाजू इंजिनच्या उघड्या धातूला टेकवून ठेवा, प्लगच्या भोकापासून लांब. हाताने धरू नका. चावी चालू करून कुणाला तरी किक मारायला सांगा. निळसर पांढरी, चटचट आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळट आणि मरगळलेली असेल तर नवीन प्लग लावून बघा, तरीही तसंच असेल तर कॉईल किंवा सीडीआय (प्लगला ठिणगीचा करंट देणारे भाग), मग मेकॅनिक. प्लग न लावता नुसती कॅप हवेत ठेवून किका मारू नका, त्याने सीडीआयवर ताण येतो. प्लगचा गॅप बहुतेक गाड्यांना ०.८ ते ०.९ मिलीमीटर, तुमच्या मॅन्युअलमध्ये काय दिलंय तेच धरा. बसवताना आधी बोटांनी पूर्ण फिरवा, मगच पाना. आटे गेले तर हेडचं काम निघतं.

पेट्रोलमधलं पाणी, म्हणजे खरं दुखणं

इथे जरा थांबतो, कारण दर वर्षी परत-परत येणारा बिघाड बहुतेक वेळा हाच असतो.

कार्बोरेटरच्या वाटीला खाली एक स्क्रू असतो आणि त्याला बारीक नळी. इंजिन गार, गाडी मोकळ्या हवेत, आसपास देवाचा दिवा-उदबत्ती काही नको. नळीचं टोक काचेच्या बाटलीत सोडा आणि स्क्रू दोन फेरे ढिला करा. वाटीतलं पेट्रोल बाहेर येईल. स्क्रू बंद करा, बाटली उजेडात धरा आणि पाच-दहा मिनिटं हलवू नका. पाणी असेल तर तळाशी वेगळा गोळा दिसतो, बाटली तिरकी केली की तो पाऱ्यासारखा एकसंध सरकतो, वरचं पेट्रोल वेगळं. कधी गोळ्याऐवजी तळाशी गढूळ थर दिसतो. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल यायला लागलं, इथेनॉल पाणी स्वतःत ओढून घेतं, आणि पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. स्लो जेटचं तोंड त्याच तळाच्या बाजूला. म्हणून गाडी रेसवर चालते आणि स्लोला मरते.

वाटी एकदा रिकामी केली, परत भरू दिली, परत काढली, दुसऱ्यांदा स्वच्छ आलं तर चालू करून बघा. बऱ्याचदा पहिल्या-दुसऱ्या किकला पकडते.

पण चार दिवसांनी परत पाणी आलं तर? मग पाणी टाकीत आहे, आणि पंपाला दोष द्यायच्या आधी टाकीचं तोंड बघा. टाकीच्या तोंडाभोवती एक खोलगट ताट असतं, सांडलेलं पेट्रोल आणि पाणी वाहून जायला त्याला एक भोक आणि खाली रबरी नळी असते. त्या भोकात माती, झाडाचा पाला, डिकीतला कचरा बसतो. मग सीटच्या फटीतून झिरपलेलं पाणी तिथं तळं करून राहतं आणि झाकणाचं जुनं कडक झालेलं रबर ते आत जाऊ देतं. सायकलच्या स्पोकसारखी बोथट तार किंवा विणायची बारीक सुई हलक्या हाताने घालून भोक मोकळं करा, वाटीभर पाणी ओतून ते खाली जमिनीवर पडतंय का बघा, अर्थात झाकण घट्ट लावून. झाकणाचं रबर बदला. हे एवढं केल्यावर काकांकडच्या गाडीचा कार्बोरेटर परत उघडावा लागलेला नाही, त्याआधी दर जुलैमध्ये गॅरेजची फेरी ठरलेली होती. पाऊस असेपर्यंत टाकी निम्म्याच्या खाली ठेवू नका, रिकाम्या जागेतली दमट हवा रात्री गार होऊन आत पाणी धरते. टाकी काढून धुवायची वेळ आली तर मात्र ते गॅरेजवर सोपवा.

वाटीत काहीच आलं नाही तर कॉक. कार्बोरेटरला येणारी पेट्रोलची नळी काढून बाटलीत सोडा, प्लगची कॅप काढून बाजूला ठेवा, चावी बंदच, आणि फक्त किक मारा. किकसरशी पेट्रोल यायला हवं आणि थांबलं की थांबायला हवं. येत नसेल तर इंजिनकडून कॉकला जाणारी बारीक नळी बघा, तिचं टोक चिरतं. अर्धा इंच कापून परत घट्ट बसवा. त्या बारीक नळीतच पेट्रोल दिसलं तर कॉकचा पडदा फाटलाय, कॉक बदला, तो दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका.

एअर फिल्टर पटकन सांगतो. फिल्टरच्या डब्याखाली बंद टोकाची पारदर्शक नळी लोंबते, तिच्यात पाणी नाहीतर पिवळट मलईसारखं काही साठलं असेल तर टोपण काढून ते बाहेर सोडा. तेलकट कागदी फिल्टर हवा मारून साफ होत नाही, भिजला की बदलायचाच. गाडी धुताना प्रेशरचं पाणी डब्याच्या तोंडावर आणि सायलेन्सरमध्ये मारू देऊ नका.

इथे थांबा, मेकॅनिकला बोलवा

गाडी पाण्यात बुडली असेल तर किक नको, सेल्फ नको, चावीसुद्धा नको. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्यानंतर पाणी ओसरल्या-ओसरल्या लोकांनी घाईने किका मारल्या. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि थोडक्यात निभावणारं काम इंजिन उघडण्यावर जातं. बॅटरीची वायर सोडा आणि टेम्पोतून गॅरेजला न्या. इंजिन ऑइल, मागच्या चाकाचं गिअर ऑइल, एअर फिल्टर, बेल्टचा डबा, सगळं उघडून बघावं लागतं. ऑइल दुधाळ दिसलं तर गाडी चालू करायचीच नाही.

करंट चांगला आहे, पेट्रोल येतंय, तरी पकडत नाही आणि किक एकदम हलकी, पोकळ लागते, तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेलंय. टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागातली फट) जास्त घट्ट असतील, व्हॉल्व्ह बसत नसेल किंवा रिंगा. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि सवयीचा हात असल्याशिवाय टॅपेटला हात लावू नका.

वाटी रिकामी करूनही स्लोला बंद पडत असेल तर कार्बोरेटर खोलून स्लो जेट साफ करायला लागेल. स्प्रे आणि हवेने करायला सांगा, जेटमध्ये तार घालू देऊ नका, भोक मोठं झालं की गाडी कायम पेट्रोल पीत राहते. पेट्रोल कुठूनही ठिबकत असेल, सेल्फची वायर हाताला गरम लागत असेल, फ्यूज परत-परत जात असेल, तर गाडी त्या अवस्थेत चालवतसुद्धा नेऊ नका.

२०२० नंतरच्या इंजेक्शनवाल्या गाडीला यातलं ब्रेक, बॅटरी, फ्यूज, प्लगची कॅप आणि टाकीच्या तोंडाचं ताट एवढंच लागू. तिथे चावी लावल्यावर दोन सेकंद पंपाचा घूं आवाज येतो का आणि इंजिनचा पिवळा दिवा गाडी चालू झाल्यावर विझतो का ते बघा. आवाज नसेल किंवा दिवा लुकलुकत असेल तर ती स्कॅनरवाल्याकडेच न्यायची, पेट्रोलची लाईन घरी उघडायची नाही, तिच्यात दाब असतो.

गॅरेजमध्ये गेल्यावर "चालू होत नाही" म्हणू नका. करंट निळा येतोय, प्लग ओला निघाला, वाटीतून पाणी निघालं होतं, चार दिवसांनी परत आलं, असं सांगा. जमलं तर ती बाटलीही सोबत न्या.